केमो चालू असताना मळमळ शून्य? सी-३० आणि बीआर-२३ च्या गुणांबद्दल मदत हवी

प्रबंध_चालू
नमस्कार मंडळी. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांची जीवनगुणवत्ता मोजते आहे. ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेची सी-३० (सगळ्या कॅन्सरसाठीची ३० प्रश्नांची प्रश्नावली) आणि तिच्या जोडीची बीआर-२३ (खास स्तनाच्या कॅन्सरचे २३ प्रश्न), दोन्हींच्या अधिकृत मराठी प्रती रीतसर मागवल्या आहेत. रुग्ण ६०, केमो दर २१ दिवसांनी. फॉर्म केमोच्या दिवशी सकाळी, सलाइन लागायच्या आधी भरून घेते. निम्म्या जणींना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवते. एक्सेलमध्ये गुण काढले, तर १०० पैकी मळमळ-उलटीची सरासरी जवळपास शून्य (म्हणजे त्रासच नाही) आणि लैंगिक कार्याची ९० च्या वर (म्हणजे उत्तम)! वॉर्डात दिसतं त्याच्याशी दोन्ही जुळत नाही. सूत्र चुकलंय की फॉर्म? की एफएसीटी-बी ही स्तनाच्या कॅन्सरची दुसरी प्रश्नावली घ्यायला हवी होती?

आकडेमोड
दुसरा घोळ, लैंगिक कार्याचा, तो सूत्राचा आहे, तो आधी निस्तरू.

उत्तरं १ ('अजिबात नाही') ते ४ ('खूप'). प्रत्येक मोजपट्टीतल्या, म्हणजे एकच गोष्ट मोजणाऱ्या प्रश्नांच्या गटातल्या, उत्तरांची सरासरी काढायची. लक्षणांसाठी त्यातून १ वजा करून ३ ने भागायचं आणि १०० ने गुणायचं. कार्याच्या मोजपट्ट्यांसाठी तेच उत्तर १०० मधून वजा. एकूण तब्येत आणि जीवनमानाचे प्रश्न २९ आणि ३० हे १ ते ७ वर आहेत, तिथे ३ ऐवजी ६ ने भागायचं आणि १०० मधून वजा करायचं नाही. उदा. ५ आणि ४ उत्तरं असतील तर सरासरी ४.५, गुण ५८.३.

गोम बीआर-२३ च्या ४४, ४५, ४६ या लैंगिक आयुष्याच्या प्रश्नांत आहे (तिचे क्रमांक सी-३० च्या पुढे, ३१ पासून चालतात). नावाला या 'कार्याच्या' मोजपट्ट्या, पण इथे 'खूप' हे उत्तर चांगलं. म्हणून यांना लक्षणांचंच सूत्र लावायचं. ४४ आणि ४५ ला जिने १, १ सांगितलं तिचे गुण ०. तुमच्या शीटमध्ये तिला १०० मिळाले असणार. ज्या बाईचं सगळंच थांबलंय, तीच सर्वांत सुखी दिसते. स्कोअरिंग मॅन्युअलमध्ये या ओळींवर खूण आणि खाली तळटीप आहे. ती न वाचता सूत्र खाली ओढत नेलं की हे होतंच.

रिकाम्या चौकटीही तपासा. हाताच्या लक्षणांचे प्रश्न ४७, ४८, ४९. उत्तरं ३, रिकामं, ४ असतील तर दोघांची सरासरी ३.५, गुण ८३.३. रिकाम्या जागी शून्य भरलं असेल तर गुण ४४.४. त्रास एका फटक्यात निम्मा! नियम असा, की मोजपट्टीतल्या किमान निम्म्या प्रश्नांची उत्तरं असतील तरच गुण काढायचे, नाहीतर ती मोजपट्टी त्या रुग्णासाठी सोडून द्यायची. ३५ (केस गळण्याचं वाईट वाटलं का) आणि ४६ हे प्रश्न मात्र लागू असतील तरच विचारायचे आहेत. त्यासाठी 'लागू नाही' असा वेगळा कोड ठेवा, गहाळमध्ये मिसळू नका.

डेकेअर_सिस्टर
मळमळीचा घोळ मात्र तारखेचा आहे. सी-३० मधले पहिले पाच प्रश्न सोडले तर बाकी सगळे 'गेल्या आठवड्यात' असं विचारतात. तुम्ही पुढच्या केमोच्या सकाळी विचारताय, म्हणजे १५ ते २१ हे दिवस. तोवर उलट्या थांबलेल्या, जेवण सुरू झालेलं. २१ दिवसांतला सगळ्यात बरा आठवडा तुम्ही नेमका उचललात.

आठव्या दिवशी विचारलंत तर त्रासाचा आठवडा हाती लागेल. पण रुग्ण त्या दिवशी येत नाही, फोन करावा लागतो. मग सगळ्यांनाच फोन करा. काहींना कागद, काहींना फोन असं नको. समोरच्या माणसाला बायका 'बरं आहे' म्हणून मोकळ्या होतात, कागदावर तसं होत नाही. वाचणाऱ्या आणि न वाचणाऱ्या यांचे गुण वेगळे काढून बघाच.

वाचून दाखवताना प्रश्न जसाच्या तसा, हवं तर दोनदा. समजावून सांगायला गेलात की तो तुमचा प्रश्न होतो. चार उत्तरं मोठ्या अक्षरात कार्डावर लिहून, सोबत कमी-जास्त भरलेले चार पेले काढून समोर ठेवतात काही जणी. तसं केलंत तर सर्व ६० जणींना तेच कार्ड. आणि नातेवाइकाला बिलाच्या खिडकीवर पाठवून द्या. सासूबाई शेजारी असताना ४४ ते ४६ ची उत्तरं १, १ आणि कोरं, अशीच येणार.

प्रश्न २८ पैशाच्या अडचणीचा. 'योजनेत उपचार फुकट आहेत, मग काय अडचण' असं म्हणत स्वतःच १ वर खूण करू नका. महात्मा फुले योजनेतही एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजंदारी हे घरातूनच जातं.

फिजिओ_काकू
हाताबद्दल थोडं. ४८ हा सुजेचा प्रश्न आहे, पण ते तिला काय जाणवतं त्याचं उत्तर. टेप वेगळी लावा: कोपरापासून वर १० सेंमी आणि खाली १० सेंमी, दोन्ही हात, दर वेळी त्याच खुणांवर. २ सेंमीपेक्षा जास्त फरक असला की सूज धरायचा प्रघात आहे. दोन्ही उत्तरं जुळतीलच असं नाही, आणि नाही जुळली म्हणून फॉर्म 'दुरुस्त' करायचा नाही.

प्रश्न १ वरही लक्ष ठेवा. जड पिशवी उचलायला त्रास होतो का विचारलं की काखेतल्या गाठी काढलेली बाई 'अजिबात नाही' म्हणते, कारण डॉक्टरांनी मना केल्यापासून ती उचलतच नाही. उत्तर तेच नोंदवा, समासात टिपण करा.

आकडेमोड
एफएसीटी-बी बद्दल राहिलंच. ३७ प्रश्न, ० ते ४ अशी उत्तरं, एकूण गुण १४८ पर्यंत. एकच बेरीज हवी असेल तर सोयीची. पण अर्ध्या वाटेत बदलू नका, दोन्हींचे आकडे एकमेकांत बसत नाहीत. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधावरच्या बऱ्याच जणी असतील तर खरी अडचण वेगळी आहे: बोटांच्या मुंग्या बीआर-२३ मध्ये विचारलेल्याच नाहीत. त्या तिच्या नंतरच्या आवृत्तीत, बीआर-४५ मध्ये आल्या.

दोन्ही मिळून मोजपट्ट्या २३. तीन भेटी धरल्या तर कुठे ना कुठे पी-व्हॅल्यू ०.०५ खाली, म्हणजे फरक 'खरा' वाटेल इतकी, निव्वळ योगायोगानेही येणारच. मुख्य मोजपट्टी आत्ताच एक ठरवून गाइडना लेखी द्या. आणि ५ गुणांचा फरक आला म्हणून निष्कर्षात 'लक्षणीय सुधारणा' लिहू नका. साधारण १० च्या पुढचा फरक रुग्णाला जाणवतो, २० म्हणजे मोठा.

प्रबंध_चालू
४४-४६ चं सूत्र बदललं, आकडे लगेच खाली आले. आभार. ३२ फॉर्म आधीच केमोच्या सकाळचे आहेत, ते फेकू का?

डेकेअर_सिस्टर
फेकू नका ताई. केस पेपरवरून आधीच्या केमोची तारीख काढा आणि 'केमोनंतर कितवा दिवस' असा रकाना घाला. त्या ३२ जणींचं पुढेही त्याच दिवशी चालू ठेवा आणि पद्धतीच्या प्रकरणात 'तिसऱ्या आठवड्यातली स्थिती' असं स्पष्ट लिहा. जिची केमो पांढऱ्या पेशी कमी म्हणून पुढे ढकलली, तिचा दिवस २८ वा निघेल, तिला २१ मध्ये घुसवू नका. आणि त्या सकाळी जी आलीच नाही तिचं कारण रजिस्टरमध्ये लिहा. बहुतेक वेळा सगळ्यात जास्त त्रास असलेलीच आलेली नसते.