उभ्या गाडीचा आरपीएम सतत वर-खाली होतो : हवेची गळती की आयडल व्हॉल्व्ह?

नमस्कार. मी अमळनेरला राहतो. माझ्याकडे २००४ सालची, चार सिलिंडरची, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी) पेट्रोल गाडी आहे आणि ती आजवर १ लाख ३८ हजार किलोमीटर चालली आहे. वडिलांनी हौसेने घेतलेली ही गाडी मला विकायची नाही. आईला दर पंधरा दिवसांनी याच गाडीने धुळ्याला दवाखान्यात न्यावे लागते, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली तीन-चार मिनिटे काहीच तक्रार नसते. तापमानाचा काटा मध्याकडे सरकला, की न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचा आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ८०० वरून १,५०० पर्यंत चढतो, तिथून एकदम ६०० च्या आसपास घसरतो, आता इंजिन बंद पडणार असे वाटते, आणि पुन्हा चढतो. दर दोन-तीन सेकंदांनी हेच. खाली आल्यावर इंजिन मिसिंग मारते आणि सीटपर्यंत थरथर जाणवते. अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून २,००० वर धरले तर सारे शांत होते. रस्त्यावर ओढही उत्तम आहे. त्रास होतो तो धुळ्यात शिरल्यावर सिग्नलला थांबताना.

आतापर्यंत चारही प्लग, एअर फिल्टर आणि पेट्रोल फिल्टर बदलले आहेत. थ्रॉटल बॉडीतला (अ‍ॅक्सिलरेटरनुसार इंजिनात हवा सोडणाऱ्या भागातला) कार्बन साफ करून बॅटरीची निगेटिव्ह वायर पंधरा मिनिटे काढून ठेवली होती. एका गॅरेजमध्ये थ्रॉटल पोझिशन सेन्सर खराब असल्याचे सांगून तो बदलला, पण तिळमात्र फरक पडला नाही. म्हणूनच आणखी एखादा सेन्सर अंदाजाने बदलण्याआधी दोष कुठे आहे हे सिद्ध करावे, असे मला वाटते.

माझ्या निरीक्षणांपैकी मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते जुन्या प्लगांचे. एक, दोन आणि चार क्रमांकाचे प्लग बिस्किटी रंगाचे होते. तिसरा मात्र पांढुरका पडला होता. नवे प्लग टाकून महिनाभराने पाहिले, तर पुन्हा तिसराच पांढुरका. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे आहे. तिथून हवा गळते का हे पाहायला ब्रेक बूस्टरची नळी चिमट्याने दाबून पाहिली, काहीही बदल झाला नाही. एसी लावला की आरपीएम ९५० च्या आसपास जातो आणि वर-खाली होणे बरेच कमी होते.

यावरून मी असा अर्थ लावला आहे. या गाडीत हवेचा अंदाज मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबावरून घेतला जातो. कुठून तरी जादा हवा आत शिरली, तर इसीयू (इंजिन चालवणारा संगणक) तिला इंजिनावरचा भार समजून पेट्रोल वाढवतो आणि आरपीएम चढतो. थ्रॉटल बंद असताना आरपीएम ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की गाडी उतारावर आहे असे धरून तोच पेट्रोल तोडतो. आरपीएम कोसळतो, पेट्रोल पुन्हा सुरू होते आणि चक्र फिरत राहते. थंड इंजिनात ही मर्यादा वर असते, त्यामुळे सकाळी त्रास दिसत नसावा. आणि एसीचा भार आला की आरपीएम तिथवर पोहोचतच नसावा. पेट्रोल चौघांना सारखेच मिळते, पण गळती तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेजवळ असेल तर हवा त्यालाच जास्त मिळणार आणि पेट्रोलच्या मानाने हवा जास्त झाल्याने त्याचाच प्लग पांढुरका पडणार. नुसता आयडल व्हॉल्व्ह (थ्रॉटल बंद असताना चारही सिलिंडरांना हवा सोडणारी झडप) बिघडला असता तर चारही प्लगांचा रंग सारखाच बदलायला हवा होता. आमचे जुने मेस्तरी आवाज ऐकूनच अहिराणीत म्हणाले होते, "भाऊ, गाडी हवा खास." (म्हणजे गाडी हवा खाते.) तेव्हा मी ते मनावर घेतले नाही, याचे आता वाईट वाटते.

अडचण अशी, की गळतीची नेमकी जागा सापडत नाही. मॅनिफोल्डच्या कडेने कार्ब क्लीनर फवारला, पण पंख्याच्या वाऱ्याने तो उडून जातो, आणि मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या इंजिनावर असा ज्वलनशील फवारा पुन्हा मारण्याचे धाडस होत नाही. त्याऐवजी पाण्याचा बारीक फवारा मारून गळतीच्या जागी आरपीएममधला बदल कळेल का? धूर सोडून गळती शोधण्याची सोय जळगाव किंवा धुळ्यात कुणी वापरली आहे का? इंजेक्टरच्या बुडाशी असलेली रबरी रिंग वीस वर्षांत कडक होऊन तिथूनच हवा ओढली जात असेल, अशीही शंका येते, कारण इथल्या उन्हाळ्यात रबर फार लवकर तडकते. शिवाय तिसरा इंजेक्टरच अर्धवट तुंबला असेल, तरी प्लग पांढुरका पडू शकतो. पण मग आरपीएम १,५०० पर्यंत का चढावा, हे मला उलगडत नाही.

पुढच्या गुरुवारी धुळ्याला जायचे आहे. तोवर थंड इंजिनावर मॅनिफोल्डचे नट नुसते आवळून पाहावेत, की जुने गास्केट (सांध्यातून हवा गळू नये म्हणून बसवलेली पट्टी) त्याने आणखी फाटेल, म्हणून आधी नवे गास्केट आणि इंजेक्टरच्या रिंगा आणूनच काम उघडावे, एवढे तरी जाणकारांनी कृपया कळवावे.