खडीची लेन म्हणजे बेशिस्तीला बक्षीस?

घाटवळण: ‘ब्रेक जाणं हा ड्रायव्हरचा हलगर्जीपणा. त्यासाठी उतारावर गाडी रुतवून थांबवणाऱ्या खडीच्या लेन बांधणं म्हणजे बेशिस्तीला बक्षीस.’ शिस्तप्रिय यांची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. 40 टनांचा ट्रक 300 मीटर खाली उतरतो तेव्हा जवळपास 12 कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावीच लागते. सगळा भार ब्रेकवर टाकला की चाकातला ड्रम तापून फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरची पकड जाते आणि पाय खालपर्यंत दाबूनही गाडी ऐकत नाही. चूक ड्रायव्हरची धरू. पण पुढच्या गाडीत बसलेल्या पोरांनी काय केलं होतं?

शिस्तप्रिय: भावनेत वाहून जाऊ नका. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारायचं आणि मग ब्रेक फेल म्हणून गळा काढायचा!

स्टेअरिंगवाला: 22 वर्षं ट्रक चालवलाय, न्यूट्रल कधी मारलं नाही. तरी एकदा ब्रेक गेले. लायनर बदला म्हणून मालकाला दोनदा सांगितलं होतं. पुढे खडी दिसली, घातली गाडी. चाकं आसापर्यंत रुतली. केबिनभर जळक्या लायनरचा वास. क्लीनरने माझा दंड असा धरला होता की बोटांचे वळ दोन दिवस गेले नाहीत. खुर्चीत बसून आम्हाला शिकवू नका.

शिस्तप्रिय: तुम्ही अपवाद. न्यूट्रलवाले ढिगाने आहेत.

ग्रीसचे हात: न्यूट्रलचं निघालंच आहे तर ऐका. आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल बंद होतं. न्यूट्रलला उलट इंजिन चालू राहायला डिझेल लागतं. वाचत काहीच नाही.

स्टेअरिंगवाला: जुन्या गाड्यांवर शिकलेल्यांना हे सांगतंय कोण? जास्त लागलेलं डिझेल पगारातून कापणाऱ्या मालकांना आधी विचारा.

शिस्तप्रिय: झालं, सगळं मालकावर ढकला. गिअरच्या दांड्यावर हात कुणाचा असतो?

स्टेअरिंगवाला: आणि पोट कुणाच्या हातात असतं?

घाटवळण: अहो, धागा लेनचा आहे! खडी गोल आणि एकाच मापाची हवी. टोकदार टाकली तर एकमेकांत घट्ट बसते, चाक रुतत नाही. माती भरून दबली तरी तेच. ती वेळोवेळी उकरावीच लागते, त्यावर बोला.

शिस्तप्रिय: बरं. स्टेअरिंगदादांचा अनुभव वाचला, लेन असू द्या. पण तिच्या तोंडाशी टायर बदलायला उभ्या राहणाऱ्या गाड्या आधी हटवा. नाहीतर खडी कितीही उकरा, ट्रक तिथपर्यंत पोचणारच नाही.