बलेनो की आय२० एन लाइन?
दादा, मारुतीची बलेनो घ्यावी की ह्युंदाईची आय२० एन लाइन विचारताय, तर आधी गाडी कुठे चालणार ते बघा. रोज इंदूरच्या राजवाडा, जेलरोडची गर्दी आणि मागे आई-बाबा, असं असेल तर सरळ बलेनो घ्या, मायलेज चांगलं, एन लाइनचं सस्पेन्शन कडक आहे, स्पीडब्रेकरवर मागच्यांना जाणवतंच. पण एबी रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्याने, नाशिक-पुण्याला नेहमी जात असाल तर गोष्टच वेगळी. बिजासन घाटात पुढे भरलेला ट्रक रांगत असतो, तिथे बलेनो ११३ एनएम टॉर्कवर (टॉर्क म्हणजे इंजिनची ओढण्याची ताकद) दुसऱ्या गियरमध्ये ओढत बसावी लागते, एन लाइनचं टर्बो इंजिन १५०० आरपीएमपासूनच (मिनिटाला इंजिनचे फेरे) १७२ एनएम देतं, शिवाय चारही चाकांना डिस्क ब्रेक, उतारावर फार कामाचे. आणि टेस्ट ड्राइव्ह चौघं बसवूनच घ्या हो, एकट्याने नको.