दारूवरचा कर वाढला, गिऱ्हाईक पत्रादेवीपलीकडे गेलं

तळकोकणी :
विषय दारूचा म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत, पण मला बोलायचंय ते कराबद्दल. १० जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून थेट साडेचारपट केलं. साध्या ब्रँडची क्वार्टर १२०-१३० च्या आसपास मिळायची, तिची किमान किंमत २०५ झाली. त्याआधी नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूमचा व्हॅट ५ चा १० टक्के झालाच होता. २०२५-२६ साठी लायसन फीही १५ टक्क्यांनी वाढली. १४ जुलैला 'आहार' या हॉटेलवाल्यांच्या संघटनेने बार बंद ठेवायची हाक दिली. बातम्या आल्या, दुसऱ्या दिवशी शटर वर, संपलं.

आमचं सिंधुदुर्गात, गोव्याच्या सीमेला लागून बांद्याकडे परमिट रूम आणि माशांची खाणावळ एकत्र आहे. संध्याकाळी सातला गवंडी, रिक्षावाले, काजू फॅक्टरीतली पोरं यायची. दोघांत एक क्वार्टर, एक सुरमई फ्राय, शेवटी सोलकढी-भात. बाटलीवर आम्हाला सुटतं त्यापेक्षा त्या ताटावर जास्त सुटतं. आता हीच मंडळी बाइकला किक मारून पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडतात, तिथे स्वस्तात बसतात आणि जेवूनच परततात. म्हणजे दारूसोबत आमची सुरमईही गोव्यात गेली. मासळीवालीला रोजची ऑर्डर निम्म्यावर आणली, एक वेटर कमी केला. तो आता पलीकडेच कामाला आहे.

सरकारला महसूल हवा, मान्य. पण सीमेवरच्या धंद्याचा विचार अर्थखात्यात कोणी करतं का?

हिशेबनीस :
असहमत. उत्पादन शुल्क कारखानदार भरतो आणि सोसतो पिणारा. तुमच्या खिशातून जातात ती फक्त लायसन फी आणि गिऱ्हाईक कमी झाल्याचं नुकसान. ते खरं आहे, पण त्याला करवाढ म्हणू नका.

राज्याकडे उरलंय काय तेही बघा. २०१७ ला जीएसटी आला आणि दर ठरवायची बरीचशी मोकळीक जीएसटी परिषदेकडे गेली. स्वतःच्या हातात राहिलं ते मद्य, पेट्रोल-डिझेलचा व्हॅट, मुद्रांक, वाहन कर, वीज शुल्क. व्यवसाय कराला तर घटनेनेच वर्षाला २५०० ची कमाल मर्यादा घातली आहे, १९८८ पासून तीच. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची, कर्ज नऊ लाख कोटींच्या वर. मद्यातून जादा १४,००० कोटी अपेक्षित आहेत. हे नको तर कुठून आणायचे ते सांगा. पेट्रोल महाग केलं तर तुमचीच सुरमई आणखी महाग होईल.

तळकोकणी :
कुठून आणायचे ते सरकारनेच एकदा दाखवलंय की. नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं. तेव्हा सरकारी हिशेब असा होता की खप लाखभर बाटल्यांवरून अडीच लाखांवर जाईल आणि महसूल १०० कोटींवरून २५० कोटी होईल. मोठ्यांच्या स्कॉचला दर उतरवला की महसूल वाढतो, आणि गवंड्याच्या क्वार्टरला दर चढवला की वाढतो? हे गणित माका तरी कळणा नाय.

हिशेबनीस :
गणित तेच आहे. स्कॉच लोक विमानतळावरून आणायचे, दिल्लीहून मागवायचे. पर्याय होता म्हणून दर उतरवला. क्वार्टर पिणाऱ्या बहुतेकांना शेजारचं राज्य इतकं जवळ नाही. सिंधुदुर्ग सोडा, परभणीचा माणूस पत्रादेवीला जाईल का?

गडहिंग्लजकर :
माझं किराणा दुकान आहे, त्यामुळे मी दुसऱ्या काउंटरवरून बोलतो. 'लाडकी बहीण'चे १५०० रुपये जमा झाले की पुढचे चार दिवस दुकानात फरक दिसतो. तेल सुटं न घेता पाऊच घेतात, उधारीच्या वहीतली दोन-तीन नावं कटतात. त्या योजनेला २०२५-२६ मध्ये ३६,००० कोटींची तरतूद आहे. तो पैसा कुठूनतरी येणारच. बारवाल्याचा गल्ला कमी झाला आणि माझा वाढला, तर सरसकट 'स्थानिक व्यवसाय बुडाला' कसं म्हणायचं? आणि धान्यापासूनच्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा नवा प्रकार काढलाय, क्वार्टर किमान १४८ ला. ती राज्यातल्याच उत्पादकांनी बनवायची आहे. तेही स्थानिकच.

वरोऱ्याची वहिनी :
सगळे दुकानदार बोलले, आता घरातलं ऐका. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. शेजारच्या जिल्ह्यांतून माल यायचा, दामदुपटीने विकला जायचा, आणि पिणारे पीतच होते. आमच्या गल्लीत तरी भाव चढल्यावर कोणी सोडल्याचं मी पाहिलं नाही. तेवढीच पितात आणि घरी कमी देतात. दादा, तुमच्या दुकानात १५०० चा हप्ता दिसतो, पण नवऱ्याने त्याच महिन्यात कमी दिलेले पैसे तुमच्या वहीत लिहिलेले नसतात. एका हाताने बहिणीला द्यायचे आणि दुसऱ्या हाताने भावोजींकडून काढून घ्यायचे, असा हा कारभार. बारवाल्यांबद्दल मात्र मला काडीचंही वाईट वाटत नाही, स्पष्टच सांगते.

गडहिंग्लजकर :
वहिनी, पटलं. पण मग दारू स्वस्त ठेवायची का?

वरोऱ्याची वहिनी :
मी तसं म्हटलेलं नाही. दारूचा पैसा हाच योजनेचा आधार करू नका, एवढंच. उद्या गावाने आडवी बाटली केली, म्हणजे मतदान करून दारूबंदी आणली, तर महसूल बुडाला म्हणून हेच सरकार हात आखडेल.

सोडा मारके :
धागाकर्त्याचं दुखणं खरं असेल, पण गोव्याची दारू अडवणारा इन्सुलीचा तपासणी नाका काय कालचा आहे? गोव्याचा माल कायम स्वस्तच होता. २०२५ च्या आधीही तुमची गिऱ्हाइकं पत्रादेवीला जातच होती.

तळकोकणी :
जात होती, शनिवार-रविवारी. क्वार्टरमागे वीस-तीस रुपये वाचवायला रोज कोण पेट्रोल जाळतो? फरक त्याच्या दुप्पट-तिप्पट झाला की रोज जाणं परवडतं, आणि मुद्दा नेमका तिथे आहे. दर दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने चढवला असता तर आम्ही मेनू बदलला असता, जेवणाकडे वळलो असतो. एका फटक्यात दीडपट केलं तर तेवढा अवधीच राहत नाही. शिवाय लायसन फी धंदा झाला काय न झाला काय, ठरलेली भरायचीच. ती गावाच्या लोकसंख्येवर न ठेवता उलाढालीवर घ्या. पावसाळ्यात तर आम्ही माश्या मारतो.

हिशेबनीस :
उलाढालीवर? म्हणजे तुम्ही जी सांगाल तीवर?

तळकोकणी :
बाटली न बाटली उत्पादन शुल्काच्या रजिस्टरला चढते. माल किती उचलला ते खात्याला आमच्यापेक्षा जास्त पाठ असतं. किराण्याबद्दल तुम्ही हा प्रश्न विचारलात तर मी समजू शकतो.

गडहिंग्लजकर :
मला कशाला मध्ये ओढता? मी रीतसर जीएसटी भरतो.