‘रिझल्ट’ या शब्दाचे मूळ काय?

प्रश्न : परीक्षेपासून निवडणुकीपर्यंत सर्वत्र वापरला जाणारा ‘रिझल्ट’ हा शब्द मुळात ‘निकाल’ याच अर्थाचा होता का?

प्रतिसाद १ : नाही. लॅटिनमध्ये ‘सलिरे’ म्हणजे उडी मारणे. त्याला ‘मागे’ या अर्थाचा ‘रे’ उपसर्ग लागून ‘रेसिलिरे’ आणि त्यावरून ‘रेसुल्तारे’, म्हणजे आदळून मागे उसळणे, हे क्रियापद घडले. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याला ‘निष्पन्न होणे’ हा अर्थ आला आणि 15व्या शतकात ते इंग्रजीत पोहोचले. नाम म्हणून वापर 17व्या शतकातला.

प्रतिसाद २ : ‘इन्सल्ट’ आणि ‘असॉल्ट’ हेही त्याच कुळातले, दोन्हींत अंगावर झेप घेण्याची कल्पना आहे. मला मात्र ‘रेझिलियन्स’ (धक्क्यातून पुन्हा सावरण्याची क्षमता) सर्वांत जवळचा वाटतो, कारण मूळची उसळी त्यात अजून शाबूत आहे.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार.