गांजा सुटेपर्यंत एडीएचडीचं औषध थांबवायचं का?

नाशिककर_आई: मुलगा १६ वर्षांचा. दुसरीपासून बाईंची एकच तक्रार, "हुशार आहे, पण जागेवर बसत नाही." यंदा एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) निदान झालं आणि त्याच महिन्यात सॅकच्या चोरकप्प्यात गोगो पेपर (गांजा गुंडाळून ओढायचा कागद) नि पुडी सापडली. डॉक्टर म्हणतात, आधी तीन महिने गांजा बंद, मग औषध. मला हे अजिबात पटत नाही. दहा मिनिटं धीर न निघणारं पोर तीन महिने कशाच्या जोरावर काढेल?

सह्याद्री_७२: ताई, डॉक्टरांचं बरोबर आहे. गांजानेही लक्ष आणि स्मरणशक्ती मार खाते. मग आजार कुठला नि नशा कुठली, कसं ओळखणार? शिवाय एडीएचडीवर देतात ते मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे, केमिस्टला चिठ्ठीची प्रत ठेवून घ्यावी लागते ती उगीच नाही. भाच्याच्या होस्टेलवर परीक्षेच्या आठवड्यात ह्या गोळ्या मुलं एकमेकांना विकायची.

नाशिककर_आई: दादा, निदानाला लक्षणं बाराव्या वर्षाआधीची लागतात. त्याची सगळी प्रगतिपुस्तकं माझ्याकडे आहेत. तेव्हा कुठला गांजा?

समुपदेशक_पुणे: मी व्यसनमुक्तीचं काम करते. अमेरिकेत २०११ साली ३०३ किशोरांवरचा अभ्यास आला होता. मुलांचं व्यसन सुटलेलं नव्हतं. १६ आठवडे सगळ्यांना समुपदेशन, निम्म्यांना मेथिलफेनिडेट, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. लक्षणं आणि नशा दोन्हीकडे कमी झाली, नशेत औषधाने वेगळा फरक पडला नाही. लक्षणांबाबतही मुलांच्या स्वतःच्या सांगण्यात दोन गटांत फरक नव्हता. पालकांना मात्र औषधाच्या गटात जास्त सुधारणा दिसली. म्हणजे गोळीने गांजा सुटेल ही आशा नको, पण समुपदेशन आजच सुरू करा, त्याला कशाचीच अट नको. अ‍ॅटोमॉक्सेटिन ह्या दुसऱ्या औषधाबद्दलही विचारा. त्याने नशा येत नाही, म्हणून नशेसाठी ते कोणी विकत घेत नाही. गुण यायला काही आठवडे जातात, तेवढा धीर आपण धरायचा.

सह्याद्री_७२: अ‍ॅटोमॉक्सेटिनला माझी हरकत नाही. मेथिलफेनिडेट द्यायचंच झालं तर दिवसभर पुरणारी एकच गोळी, सकाळी, आईच्या हातून. पाकीट कुलपात. आणि अधूनमधून लघवीची तपासणी, त्याला आधी सांगून. नाहीतर माझा विरोध कायम.

नाशिककर_आई: कुलूप मान्य. शुक्रवारी पुस्तकं घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जातेय. तिसरीच्या पुस्तकात बाईंनी लाल शाईने लिहिलंय, "डबा अर्धा टाकून पळतो."