मदत हवी आहे: जुन्या रायफलचा ट्रिगर धरत नाही

मिनेसोटाकर
शनिवारी क्लबमध्ये जुन्या लष्करी रायफलींची मॅच आहे आणि ऐन वेळी हे झालंय. बोल्ट हळू बंद केला तर ठीक. जोरात पुढे ढकलला की कधी कधी कॉक होतच नाही, कॉकिंग पीस (बोल्टच्या मागचा घोडा) मागे अडकायच्या ऐवजी बोल्टबरोबर पुढे निघून जातो. ट्रिगरला आधी थोडी ढिली ओढ होती, तीही गेली. बोट लावलं की थेट जड. सीअरची, म्हणजे कॉकिंग पीस धरून ठेवणाऱ्या खटक्याची, स्प्रिंग गेली असावी. कुठली मागवू? प्लीज लवकर सांगा.

रानवारा
रायफल कुठली ते तरी लिहा. माउझर, मोझिन, एनफिल्ड, प्रत्येकाचा ट्रिगर वेगळा. आणि हे निस्तरेपर्यंत काडतूस घालू नका. सीअर अशी निसटत असेल तर बोट ट्रिगरवर नसतानाही बार उडू शकतो.

मिनेसोटाकर
ली-एनफिल्डच हो. ईशापूर २ए१, बॉडीवर (बोल्ट बसतो त्या लोखंडी भागावर) १९६८चा शिक्का. रिकामीच तपासतोय, नळी सुरक्षित दिशेला. स्प्रिंगचं सांगा.

तात्या_ओहायो
माझ्या मोझिनला सीअर स्प्रिंगखाली पत्र्याची बारीक पट्टी घातली आणि ट्रिगर एकदम हलका झाला. तुम्हीही करून बघा.

रानवारा
तात्या, मोझिनची सीअर म्हणजेच ती चपटी स्प्रिंग. एनफिल्डमध्ये सीअर वेगळी आणि स्प्रिंग वेगळी. शिवाय यांना ट्रिगर हलका करायचा नाही, सीअर धरायला हवी आहे.
धागाकर्ते, मॅगझिन नीट अडकतं का? या रायफलीत एकच इंग्रजी व्हीच्या आकाराची स्प्रिंग सीअर आणि मॅगझिन कॅच दोन्हींना दाब देते. ती मोडली किंवा सरकली तर बहुधा मॅगझिनही ढिलं होतं.

मिनेसोटाकर
मॅगझिन घट्ट आहे.

रानवारा
मग स्प्रिंग नका मागवू.

एनसीसी_नाशिक
आम्हाला कॉलेजात एनफिल्डच्याच .३०३ रायफलवर शिकवलं होतं, ट्रिगरचा फर्स्ट प्रेशर घ्या, श्वास रोखा, मग सेकंड. तुमचा फर्स्ट प्रेशर गेलाय हीच मुख्य खूण आहे. ट्रिगरच्या माथ्यावर दोन उंचवटे असतात. पहिला सीअरला हलकेच सरकवतो, दुसरा सोडवतो. पहिली ओढ साधारण ३ ते ४ पौंड, दुसरी ५ ते ६. पहिली नाहीच, म्हणजे ट्रिगर आधीपासून सीअरला ढकलून बसलाय.

अचूक_नेम
कॉकिंग पीसचा बेंट, म्हणजे सीअर अडकते तो काठ, झिजला असेल. बारीक दगडावर घासून धार सरळ करा, माझा अनुभव आहे.

रानवारा
कृपा करून असले सल्ले देऊ नका. तो कोन हाताने घासून जमत नाही. वरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की आतलं मऊ लोखंड भराभर झिजतं आणि रायफल आणखी धोकादायक होते.

अचूक_नेम
दहा वर्षं चालतेय माझी. पुस्तकी भीती.

विदर्भकर
अवांतर: आमच्या आजोबांकडे ईशापूरचीच .३१५ स्पोर्टिंग होती, ॲक्शन एनफिल्डचीच. रानडुकरांच्या त्रासापायी लायसन काढलं होतं. आता ते माझ्या नावावर करायचं आहे. कुणाला माहिती आहे का?

एनसीसी_नाशिक
विदर्भकर, .३१५ नॉन-प्रोहिबिटेड बोअर (सामान्य माणसाला लायसन मिळू शकतं असं) आहे, त्यामुळे वारसाला अर्ज करता येतो. तुमच्या नावावर आधीची शस्त्रं असतील तर २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच ठेवता येतात, हे ध्यानात असू द्या. यावर वेगळा धागा काढा.

तात्या_ओहायो
२ए१मध्ये .३०८ची दुकानातली काडतुसं वापरू नका, ती रायफल ७.६२ नाटो काडतुसासाठी आहे.

अचूक_नेम
सगळे वापरतात, काही होत नाही.

रानवारा
त्या वादावर आधीच शंभर धागे आहेत. धागाकर्ते, हे कधीपासून होतंय? त्याआधी रायफलीत काही बदललंत का?

मिनेसोटाकर
काही नाही. मागच्या महिन्यात फोरएंड (नळीखालचं पुढचं लाकूड) नवीन बसवलं, जुनं तडकलं होतं. लाकडाचा ट्रिगरशी काय संबंध?

सुतारकाम
सगळा संबंध तिथेच आहे! तुमच्या रायफलीत ट्रिगर बॉडीला नाही, ट्रिगर गार्डला टांगलेला असतो आणि सीअर बॉडीत. दोघांमधलं अंतर लाकूड ठरवतं. लाकूड पातळ असलं किंवा हीटरच्या कोरड्या हवेत आकसलं, आणि तुम्ही स्क्रू आवळले, की गार्ड वर चढतो आणि ट्रिगर सीअरला आधीच दाबून ठेवतो. मग पहिली ओढ नाहीशी होते आणि सीअर कॉकिंग पीसला काठावरच धरते. याच कारणासाठी इंग्रजांनी पुढे नं. ४ मार्क २ या नंतरच्या एनफिल्डमध्ये ट्रिगर थेट बॉडीला टांगला. तुमची २ए१ जुन्या नं. १च्या घडणीवर आहे.

खात्री करायची तर मॅगझिन काढा, गार्ड ट्रिगरसकट उतरवा आणि रिकाम्या रायफलचा बोल्ट नेहमीसारखा जोरात बंद करा. कॉकिंग पीस दर वेळी पक्का धरला तर सीअर, बेंट, स्प्रिंग तिन्ही निर्दोष. दोष लाकडात.

आणि गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवती एक लोखंडी बुश (छोटी नळी) असते. लाकूड आकसलं तरी गार्ड ठरावीक अंतरावर राहावा म्हणून ती असते. ती नव्या लाकडात घातलीत का?

रानवारा
आणि हे करताना बट (खांद्याला लावायचं मागचं लाकूड) काढायला जाऊ नका. फोरएंड जागेवर असताना बटचा बोल्ट फिरवला तर त्याचं चौकोनी टोक फोरएंडची मागची बाजू फाडतं. नवं लाकूड पण जाईल.

मिनेसोटाकर
गार्ड उतरवून बघितलं. कितीही जोरात ढकला, धरतं आहे. बुश जुन्या लाकडात अडकलेली सापडली, गंजलेली पण सरळ. आता ती घातल्यावर गार्ड बॉडीपासून लांब बसतो, पहिली ओढ परत आलीय. पण गार्डच्या पुढे लाकूड किंचित हलतंय.

सुतारकाम
म्हणजे नवं लाकूड तिथे कमी जाडीचं आहे. बुश घासून बसकी करू नका, परत तेच होईल. गार्ड टेकतो त्या जागी अक्रोडाची पातळ चकती एपॉक्सीने बसवा, पूर्ण सुकू द्या, मग जरुरीपुरतंच तासा. शनिवारपर्यंत घाईने होणार नाही.

एनसीसी_नाशिक
सुकल्यावर रिकाम्या रायफलने बोल्ट पुन्हा जोरात आपटून बघा, मग कॉक करून बट रबरी मॅटवर ठोका. सेफ्टी लावून आणि काढून, दोन्ही वेळा. एकदाही सुटली तर रेंजवर नेऊ नका.

मिनेसोटाकर
सुतारकाम, रानवारा, मनापासून धन्यवाद. शनिवारी मित्राची नं. ४ घेऊन जातो. चकतीसाठी सागवान चालेल का? अक्रोड घरात नाही.

तात्या_ओहायो
त्या नं. ४चं बोल्ट हेड (बोल्टचं पुढचं सुटं टोक) कितव्या नंबरचं आहे ते बघून घ्या.